चवथीला घरी बोलावलेले घुमट आरती पथक: एक अभिप्राय

यंदाच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यातल्या प्रियोळच्या आमच्या मूळ घरी आम्ही प्रथमच मानधन देऊन घुमट आरती पथक बोलावले. आजवर आमच्याकडे आरती म्हणायला वाड्यावरचीच माणसे येत. घुमट (चामड्याने मढविलेले मातीचे तालवाद्य) घरातले, शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य) शेजारच्यांचे आणि कासाळी (झांजा) मिळतील तेथून मागून आणलेली, असा सगळा मामला असे. परंतु वाजविणाऱ्यांपैकी दोघे आता राहिले नाहीत, एकाच्या मनगटाला संधिवाताने धरले आहे, आणि तरुण मुले नोकरीसाठी वास्को, पुणे, बेंगळुरू अशी पांगलेली आहेत. तेव्हा भावाने ओळखीतून फोंडा तालुक्यातलेच एक पथक ठरविले. पथकाचे नाव मी येथे देत नाही, कारण गुणांबरोबर दोषही लिहायचे आहेत आणि ही मुले दिवसभर कामधंदा करून हौसेने वाजविणारी आहेत. ज्यांना असे पथक घरी बोलवायचे असेल त्यांना ठरविताना काय विचारावे एवढे यातून कळले, तरी हे लिहिण्याचा उद्देश साधला असे मी समजेन.

व्यवहाराचे आधी सांगतो. सात हजार रुपये मानधन, गाडी त्यांची, आणि कार्यक्रमानंतर पातळभाजी-पाव व चहा आमचा, असे ठरले होते. चौदा जण आले: पाच घुमट, दोन शामेळ, कासाळ्यांच्या दोन जोड्या, एक पेटी आणि उरलेले गाणारे. आमचा गणपती पाच दिवसांचा. तिसऱ्या दिवशी रात्री आठची वेळ दिली होती, आणि पथक दारात आले तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. आधीच्या घरी आरत्या लांबल्या, असे पथकप्रमुखांनी सांगितले आणि मनापासून क्षमाही मागितली, पण वाटेतून एक फोन करणे अवघड नव्हते. तोवर मुले जेवून पेंगुळली होती आणि समईत दोनदा तेल घालून झाले होते. चवथीच्या दिवसांत चांगले पथक एका संध्याकाळी दोन-तीन घरे घेते. म्हणून ठरवितानाच आपले घर कितवे आहे हे विचारून घ्यावे आणि शक्यतो पहिले मागावे.

वाद्यांची निगा मात्र पाहत राहावी अशी होती. पावसाळी हवेत चामडे सैल पडते आणि घुमट बसका बोलतो, म्हणून दोघा मुलांनी आल्याबरोबर बलकांवात (ओसरीवर) एक दिवा लावून त्याच्या उष्णतेवर पाचही घुमट आळीपाळीने शेकायला घेतले. एकजण बोटाच्या पेराने चामड्याच्या कडेला हळूच टिचकी मारायचा, कान जवळ न्यायचा, मान हलवायचा आणि पुन्हा दिव्याकडे धरायचा. एका घुमटाच्या गळ्याशी मातीला केसाएवढी चीर होती, आणि तिच्यावरून सुताची दोरी घट्ट गुंडाळून वर काहीतरी लेप दिलेला होता. घुमट मातीचा असल्याने त्याची काळजी तान्ह्या मुलासारखी घ्यावी लागते, हे आम्ही लहानपणी ऐकले होते. या मुलांच्या हातांत ते दिसले.

आमचे काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि एके काळी ते स्वतः उत्तम घुमट वाजवीत. त्यांनी त्यांतला एक घुमट मांडीवर घेतला, डाव्या तळव्याने त्याचे मागचे लहान तोंड झाकून उजव्या हाताने एकच थाप मारली, तळवा सावकाश उचलला, आणि तो 'घुम्' असा लांबत जाणारा आवाज विरेपर्यंत ते थांबले. "बकऱ्याचे चामडे," ते म्हणाले. "आवाज गोड आहे, पण कडक नाही." त्यांच्या तरुणपणी घुमटाला घोरपडीचे चामडे असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले, आणि ते योग्यच झाले. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, तो याच बकऱ्याच्या चामड्याच्या घुमटाला. काकांची तक्रार कायद्याविषयी नाही. त्यांच्या कानात एक आवाज बसलेला आहे आणि साठ वर्षे झाली तरी ते प्रत्येक घुमटात तोच शोधतात, एवढेच.

त्यानंतर जे झाले ते मला रुचले नाही. पथकाने गाडीतून दोन ध्वनिक्षेपक आणि चार माईक काढले आणि राजांगणाच्या दोन खांबांशी उभे केले. आमचे राजांगण जुने आहे. चारी बाजूंनी कौलांची उतरंड, मध्ये तुळस, आणि समोर फळाफुलांनी सजविलेल्या माटोळीखाली गणपती. तेथे कोणी नुसते खाकरले तरी मागच्या खोलीत ऐकू येते. पाच घुमट आणि दोन शामेळ यांना त्या जागेत माईकची गरज काय, असे मी विचारले तेव्हा पथकप्रमुख म्हणाले, "सर, हल्ली सगळीकडे मागतात." ते खोटे नसावे. यांतली बरीच मुले शिगम्यात, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या उत्सवात, रोमटामेळाच्या मिरवणुकीत ढोल-ताशे वाजवितात, आणि तेथे हमरस्त्यावर चित्ररथांच्या कर्ण्यांशी सामना करीत 'ओस्सय ओस्सय' घुमवायचे असते. त्या आवाजाची सवय झालेल्या कानाला राजांगणातला घुमट माईकवाचून उघडावाघडा वाटत असेल.

वादनाच्या दर्जाबद्दल मात्र एका शब्दाचीही तक्रार नाही. गणपतीची 'सुखकर्ता दुःखहर्ता' संथ लयीत सुरू झाली, दुसऱ्या कडव्याला शामेळाने दुगण (दुप्पट लय) धरली, आणि तिसऱ्या कडव्याअखेर पाचही घुमट थांबून फक्त कासाळ्यांच्या किणकिणाटावर एक आवर्तन गेले आणि सगळे एका झटक्यात समेवर आले. अंगावर काटा आला. शामेळावरचा मुलगा फार तर वीस वर्षांचा असेल. त्याच्या काठ्या दिसतच नव्हत्या, नुसती एक पांढुरकी रेघ दिसत होती. लयीचे पंडित म्हणून गाजलेल्या लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांच्या या भूमीत लयीचे वेड असणे नवे नाही, परंतु गावोगावची मुले आज ज्या हिशेबाने आवर्तने मोजतात, तो हिशेब आमच्या वेळच्या वाजविणाऱ्यांना नव्हता हे मान्य केले पाहिजे. ही स्पर्धांची देणगी आहे. कला अकादमीपासून गावच्या मंडळांपर्यंत घुमट आरतीच्या स्पर्धा होऊ लागल्या, परीक्षक बसू लागले, आणि मुले सुरात, उच्चारांत व शिस्तीत पक्की झाली.

गणपतीची ही पहिली आरती संपल्यावर आमच्या सालांत (दिवाणखान्यात) जो वाद रंगला, त्यासाठी तरी सात हजार सार्थकी लागले असे मी म्हणेन. काकांचे म्हणणे होते की वाजविणे अप्रतिम आहे, पण ही आरती नव्हे. त्यांच्या मनातली सर्वांत थोर आरती गोवा मुक्त झाल्यानंतर दोन-तीन वर्षांनी याच राजांगणात झाली. पेट्रोमॅक्सच्या उजेडात, बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना, पहाटे तीनपर्यंत माणसे बसून होती. कोणी संतकवी कृष्णंभट्ट बांदकरांचे पद काढले की दुसरा त्याला उत्तर म्हणून तिसरेच काही काढी, आणि घुमटवाल्याचा हात भरून आला की शेजारचा न सांगता घुमट आपल्या मांडीवर घेई. ही रात्र आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यातला पाऊस दर वर्षी थोडा वाढतो.

माझ्या पिढीची आवड वेगळी. आम्ही नव्वदच्या दशकात स्पर्धा ऐकायला मोटारसायकलवरून रात्री-अपरात्री फोंड्यापासून डिचोलीपर्यंत हिंडलो. बाजूला टेपरेकॉर्डर धरून भरलेल्या कॅसेटी माझ्याकडे अजून आहेत. त्यांपैकी एकीवर एका पथकाने 'दुर्गे दुर्घट भारी'ची चाल अशी काही बांधली होती की आम्ही ती कॅसेट फीत विरून जाईपर्यंत ऐकली. आज प्रामाणिकपणे ऐकतो तेव्हा त्यातले दोन घुमट लयीत मागे पडलेले स्पष्ट कळते, आणि तरीही परवाच्या पथकापेक्षा ती मला अधिक भावते. यात संगीताचा भाग किती आणि मोटारसायकलचा किती, हे मी वेगळे करू शकत नाही.

माझी पुतणी बावीस वर्षांची आहे आणि मडगावला एका महिला पथकात स्वतः घुमट वाजविते. तिने काकांची रात्र शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि अगदी आदराने विचारले, "आजोबा, त्या रात्री आजी कुठे होती?" काका थोडे थांबले आणि म्हणाले, "आत. चहा करीत होती." पुतणी पुढे काही बोलली नाही, बोलण्याची गरजही नव्हती. तिला सर्वांत प्रिय असलेले सादरीकरण एका महिला पथकाचे आहे, ते तिच्या फोनमध्ये आहे आणि त्यातला तिचा लाडका तुकडा जेमतेम अर्ध्या मिनिटाचा आहे: सात बायका एकाच वेळी घुमटाचे मागचे तोंड उघडतात आणि सातही घुमटांचा आवाज एका श्वासाने बाहेर पडतो. मी तो तीनदा पाहिला. त्यातली सफाई आमच्या एकाही कॅसेटमध्ये नाही. पूर्वीची आरती सगळ्यांची होती असे आम्ही म्हणतो, तेव्हा 'सगळे' या शब्दात स्वयंपाकघर धरलेले नसते, हे त्या रात्री मला प्रथमच नीट उमगले.

हा वाद केवळ आपल्याकडचा असेल असे मला वाटत होते. माझा भाचा शिक्षणासाठी अमेरिकेत इंडियानात होता आणि तेथे त्याला ड्रम कोअरचे वेड लागले. शंभर-दीडशे तरुण मुले-मुली पितळी वाद्ये, ढोल आणि निशाणे घेऊन फुटबॉलच्या मैदानावर क्षणाक्षणाला आकृत्या बदलत वाजवितात. त्यांची मोठी स्पर्धा 1972 पासून भरते आणि अंतिम फेरी आता इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये होते. तो सांगत होता की 2004 मध्ये मैदानाच्या कडेला मांडलेल्या तालवाद्यांना माईक लावायची परवानगी मिळाली आणि 2009 पासून इलेक्ट्रॉनिक वाद्येही चालू लागली, तेव्हापासून जुने श्रोते आणि नवे श्रोते यांचे जमत नाही. ज्येष्ठांना सत्तर-ऐंशीच्या दशकांतली, चाल ओळखून गुणगुणता येईल अशी सादरीकरणे प्रिय. तरुणांना ध्वनी, वेश, मैदानावरचे रंगमंच आणि विषय यांनी बांधलेली नवी. 1938 पासून केवळ मुलग्यांचे असलेले मॅडिसन स्काउट्स हे पथक 2019 मध्ये मुलींसाठीही खुले करण्याचा निर्णय झाला, त्यावरही असेच दोन तट पडले. हे ऐकून काका म्हणाले, "म्हणजे माईक तिथेही नडला." पुतणी म्हणाली, "म्हणजे मुली तिथेही उशिरा आल्या." दोघांनी एकाच गोष्टीतून आपापले तेवढे उचलले.

पण त्या रात्री खरे कळले ते यानंतर. पथकाने शंकराची आणि देवीची आरती केली, आणि आम्ही सगळे भिंतींना टेकून, हातात फोन धरून ऐकत होतो. आमच्याच घरात, आमच्याच गणपतीसमोर आम्ही प्रेक्षक झालो होतो, हे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. विठोबाची आरती व्हायची होती आणि पेटीवाला स्वर धरण्यासाठी थांबला होता, एवढ्यात मागच्या दाराशी खुर्चीवर बसलेल्या आमच्या आत्याने 'युगे अठ्ठावीस विटेवरी उभा' सुरू केले. आत्या एक्क्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येते, आणि पट्टी तिची स्वतःची. पथकप्रमुखांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले. मग शामेळावरच्या त्या मुलाने एक काठी खाली ठेवली, उरलेल्या काठीने अगदी हलका ठेका धरला आणि आत्याच्या ओठांकडे नजर लावून बसला. ती जेथे श्वास घेईल तेथे तो थांबायचा. एकाने उठून माईकचे बटण बंद केले. 'जय देव जय देव' आले तेव्हा घरातली सत्तावीस माणसे म्हणू लागली, त्यांत स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत आलेल्या तिघीही होत्या, आणि पुतणीने एका मुलाला खुणेने विचारून त्याच्या मांडीवरचा घुमट आपल्याकडे घेतला. ती वाजवू लागल्यावर काकांनी डोळे मिटले. घुमट बकऱ्याच्या चामड्याचाच होता.

त्या आरतीत दुगण झाली नाही, कासाळ्यांचे रिकामे आवर्तन झाले नाही, आणि परीक्षकांनी तिला कोणताही क्रमांक दिला नसता. मात्र 'घालीन लोटांगण'ला स्वतःभोवती गिरक्या घेताना एकमेकांवर आदळून हसणारी मुले मी त्या रात्री तेथेच पाहिली. आधीच्या तीन आरत्यांत ती झोपाळलेली होती. त्यामुळे लय संथ की द्रुत, चामडे कसले, पुरुष की बायका, हे वाद बाजूला ठेवून मी आता एकच गोष्ट पाहतो: पालुपद कोण म्हणते. काकांच्या रात्री ते निम्म्या घराने म्हटले, माझ्या कॅसेटीत ते पथकानेच म्हटले आणि आम्ही टाळ्या वाजविल्या, पुतणीच्या फोनमध्ये तर पालुपदापर्यंत कोणी थांबतच नाही. घुमट आपला मांडो या कोकणी गीतप्रकारातही वाजतो, तेथे व्हायोलिनच्या साथीला तो किती दबून, गाणाऱ्याच्या मागे मागे चालतो ते ऐकण्यासारखे आहे. हे पथक तसे वाजवू शकते, हे आत्यामुळे सिद्ध झाले. मग आधीच्या तासाभरात त्यांनी तसे का वाजविले नाही, तर कोणी मागितले नाही म्हणून. दोष निम्मा आमचा आहे.

आता ज्यांना पथक ठरवायचे आहे त्यांच्यासाठी. स्पर्धेच्या तोडीचे, घोटीव, ऐकत राहावे असे वादन हवे असेल, तर हे पथक सात हजारांत महाग नाही; सार्वजनिक मंडळाने तर डोळे झाकून बोलवावे. घरच्या गणपतीसाठी बोलावणार असाल तर आरत्यांची यादी घरच्यांनी करून द्यावी, निदान निम्म्या आरत्या घरच्यांना पाठ असलेल्या पारंपरिक चालींत मागाव्यात, आणि मुले समोर सतरंजीवर बसवावीत, भिंतीला नव्हे. पथकाच्या पोशाखाचे, फेट्यांचे, छायाचित्रांसाठी थांबण्याचे जे काही असते, ते सगळे झकास होते. त्यावर वेगळे लिहिण्यासारखे नाही. पातळभाजी मात्र थंड झाली, आणि ती पुन्हा गरम करताना करपली, तो दोष त्यांच्या उशिराचा.

निघताना पथकप्रमुखांनी आत्याच्या पाया पडून पुढल्या वर्षी कोणती आरती म्हणणार म्हणून विचारले. तिला ऐकू आले नाही. तिने त्यांच्या हातावर दोन नेवऱ्या ठेवल्या. भावाने पुढच्या चवथीचा विसार म्हणून एक हजार रुपये तेथेच दिले. तिसरा दिवस, पहिले घर, सायंकाळी सात, माईक गाडीतच राहतील आणि एक घुमट पुतणीसाठी मोकळा ठेवला जाईल, असे त्यांच्या वहीत लिहून घेतले आहे.